विद्यार्थी अभ्यास परिषदेच्या शुल्क सवलत निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे गेली चार वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची दोन दिवसांची अभ्यास परिषद भरवली जाते. विद्यार्थी वर्षभर आपल्या परिसराचा अभ्यास करतात आणि इथे येऊन तो मराठीत मांडतात. कोयनेच्या जलाशयात गेलेल्या गावांचे पुनर्वसन, कास पठारावरील फुलांच्या नोंदी, माण-खटावमधील विहिरींची पाणीपातळी, ऊसतोड मजुरांच्या मुलांची अर्धवट सुटणारी शाळा असे विषय आजवर इथे मांडले गेले आहेत. परिषदेचे सर्व काम स्वयंसेवक करतात आणि त्यांपैकी कोणीही मानधन घेत नाही. येत्या जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी पाचवी परिषद भरणार असून तिच्यासाठी २४० विद्यार्थ्यांची सोय करण्याचे समितीने ठरवले आहे. नोंदणी १ डिसेंबर रोजी सुरू होईल. त्याआधी शुल्क सवलतीचा निधी हाती असणे का आवश्यक आहे, हे सांगण्यासाठी हे निवेदन आहे.

मागील वर्षापर्यंत सवलत देण्याची आमची पद्धत अशी होती की, विद्यार्थ्याने आधी पूर्ण शुल्क भरून नोंदणी करावी, सोबत सवलतीचा अर्ज द्यावा, आणि परिषद संपून हिशेब पूर्ण झाल्यावर समितीने त्याला रक्कम परत करावी. देणग्या परिषदेच्या तोंडावर आणि बऱ्याचदा परिषदेच्या दिवशीच येत असल्यामुळे आम्हाला हाच मार्ग सोयीचा वाटत होता. ज्याच्यासाठी सवलत ठेवली आहे त्याच्याजवळ आधी भरायलाच पैसे नसतात, ही साधी गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही. माण तालुक्यातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील विहिरींच्या पाणीपातळीची दर आठवड्याला नोंद ठेवून केलेला अभ्यास परीक्षकांनी एकमताने निवडला होता. मुदत संपली तरी तिची नोंदणी आली नाही, तेव्हा तिने विचार बदलला असावा असे समजून आम्ही तिची जागा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. त्या आठवड्यात तिच्या घरी ६०० रुपये नव्हते आणि उसने मागण्याचा तिला संकोच वाटला, हे तिच्या प्राध्यापकांकडून आम्हाला परिषद संपल्यावर कळले. चूक पूर्णपणे आमच्या पद्धतीची होती आणि तिची रुखरुख समितीतील प्रत्येकाला आजही आहे.

म्हणून या वर्षी समितीने परताव्याची पद्धत बंद केली आहे. विद्यार्थ्याने नोंदणी अर्जातच पूर्ण शुल्क, अर्धे शुल्क किंवा शुल्कमाफी यांपैकी एक पर्याय निवडायचा आहे. सवलतीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय होईल आणि सवलत मंजूर झालेल्या विद्यार्थ्याची जागा त्याच क्षणी निश्चित होईल. मात्र हे शब्द पाळायचे, तर निर्णयाच्या दिवशी रक्कम वाचनालयाच्या खात्यात असली पाहिजे. देणगी येईल या भरवशावर साठ जणांना होकार कळवायचा आणि पुढे निधी अपुरा पडला की जेवणात किंवा निवासात काटकसर करायची, हे आम्हाला मान्य नाही.

सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला मागायचा की नाही, यावर समितीत बरीच चर्चा झाली. दाखला काढण्यासाठी सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात जावे लागते, त्यात विद्यार्थ्याचा एखादा दिवस आणि पालकांची मजुरी जाते, आणि तो वेळेत मिळेलच याची खात्री नसते. शिवाय दाखल्यावरील वार्षिक आकडा आणि या महिन्यात घरात असलेली रक्कम यांचा मेळ बसतोच असे नाही. अखेरीस विद्यार्थ्याचे स्वतःचे दोन ओळींचे निवेदन आणि त्याला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाची शिफारस एवढेच पुरेसे मानायचे ठरले. एखादा अर्ज खोटा असू शकेल, अशी शंका काही सदस्यांनी मांडली आणि ती गैर नाही. परंतु एका खोट्या अर्जाच्या भीतीने दहा खऱ्या विद्यार्थ्यांना कागदपत्रांसाठी हेलपाटे घालायला लावणे समितीला योग्य वाटले नाही. हे अर्ज केवळ दोन सदस्य पाहतील. सवलत घेतलेल्या विद्यार्थ्याचे ओळखपत्र, त्याची भोजनाची कुपने आणि त्याची निवासाची खोली इतरांसारखीच असेल, आणि त्याचे नाव कुठल्याही यादीत, अहवालात किंवा आभाराच्या भाषणात येणार नाही. देणगीदारांनीही आपल्या देणगीतून कोणाला लाभ झाला हे विचारू नये, अशी विनंती आहे.

नोंदणीच्या कामातील आणखी एक अडचण सांगणे आवश्यक आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांकडे स्वतःचे बँक खाते किंवा यूपीआयची सोय नसते, त्यामुळे एकच प्राध्यापक आठ-दहा जणांचे शुल्क एकत्र पाठवतात, किंवा भाऊ, मामा, शेजारी अशा कोणाच्या तरी मोबाइलवरून रक्कम येते. खात्यात पैसे जमा झालेले दिसतात, परंतु ते नेमके कोणाचे, हे कळत नाही. गेल्या वर्षी अशा १४ नोंदणींचा उलगडा होण्यास तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस त्या विद्यार्थ्यांना आपली जागा पक्की आहे की नाही हे ठाऊक नव्हते. या वर्षी प्रत्येक अर्जाला क्रमांक दिला जाईल, आणि एकत्रित रक्कम पाठवणाऱ्याने अर्ज क्रमांकांची यादी व्यवहार क्रमांकासह द्यावयाची आहे. बँकेच्या कामाचा अनुभव असलेल्या एखाद्या निवृत्त व्यक्तीने डिसेंबर महिन्यात रोज संध्याकाळी तासभर येऊन हा ताळमेळ घालून दिला, तर ती मदतही आम्हाला देणगीइतकीच मोलाची आहे.

आता खर्चाविषयी. शहरातील एका महाविद्यालयाने सभागृह आणि वर्गखोल्या विनामूल्य दिल्या आहेत, त्यामुळे मोठा भार हलका झाला आहे. उरलेला खर्च प्रत्येक विद्यार्थ्यामागे ९८० रुपये येतो: दोन दिवसांचे भोजन, नाश्ता व चहा ५६० रुपये, गाद्या-चादरींचे भाडे व स्वच्छता १५० रुपये, निबंधांच्या सारांश पुस्तिकेची छपाई १३० रुपये, ध्वनिक्षेपक व प्रक्षेपक ९५ रुपये, आणि ओळखपत्र, प्रमाणपत्र, टपाल मिळून ४५ रुपये. नोंदणी शुल्क मात्र आम्ही ६०० रुपयांवरच ठेवले आहे. म्हणजे पूर्ण शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यामागेही ३८० रुपयांची तूट असते, आणि २४० विद्यार्थ्यांची ती तूट ९१,२०० रुपये होते. त्यांपैकी ४०,००० रुपये वाचनालय स्वतःच्या निधीतून देणार असून ५१,२०० रुपये उभे करायचे आहेत. याखेरीज ६० विद्यार्थ्यांना पूर्ण आणि ५० विद्यार्थ्यांना अर्धी शुल्कमाफी देण्यासाठी ५१,००० रुपये, आणि दुरून येणाऱ्या ६० विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी सरासरी ५०० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपये लागतील. एकूण गरज १,३२,२०० रुपयांची आहे. ज्यांना एका विद्यार्थ्याचा प्रवासासह संपूर्ण भार उचलायचा असेल, त्यांच्यासाठी ती रक्कम १,४८० रुपये होते. त्याहून लहान देणगीही तितक्याच आदराने स्वीकारली जाईल.

प्रवासखर्चाचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे कारण असे की, शुल्क माफ झाले तरी तिकिटासाठी पैसे नसल्यास विद्यार्थी येऊ शकत नाही. एसटीच्या प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे असल्यामुळे मुलींचा खर्च बराच कमी झाला, परंतु जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली आणि धडगाव, मोखाडा किंवा धारणीहून निघालेल्या मुलाला जाण्या-येण्याचा खर्च जड जातो. अशा विद्यार्थ्यांना जाण्याच्या तिकिटाची रक्कम निघण्यापूर्वी त्यांच्या प्राध्यापकांमार्फत पोहोचवली जाईल आणि परतीच्या तिकिटाची रक्कम इथे हाती दिली जाईल.

शासनाच्या शिष्यवृत्त्या असताना वेगळा निधी कशासाठी, असे काही हितचिंतक विचारतात. महाडीबीटीवरील योजनांतून महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क आणि काही योजनांत निर्वाह भत्ता मिळतो. अशा परिषदेचे शुल्क, तिथवरचा प्रवास किंवा नकाशे व छायाचित्रे छापून घेण्याचा खर्च त्यांत बसत नाही.

साताऱ्याला अशी मदत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये याच शहरात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले, आणि मुलांच्या जेवणाची चणचण भासली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या वसतिगृहांतून शिकलेल्यांची मुले-नातवंडे आज या जिल्ह्यात घरोघरी आहेत. आम्ही प्रथम त्यांच्याकडेच येत आहोत.

देणगी धान्याच्या किंवा वस्तूंच्या रूपातही देता येईल. तांदूळ, ज्वारी, डाळ, गूळ आणि तेल आम्ही घेऊ. शिजवलेले अन्न मात्र घेता येणार नाही. मुलींच्या निवासासाठी महाविद्यालयाजवळ राहणाऱ्या कुटुंबांनी दोन रात्रींसाठी दोघी-तिघींची सोय केल्यास गाद्यांचा खर्च वाचेल आणि मुलींना घरचे वातावरण मिळेल. शनिवारी पहाटे बसस्थानकावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी वाहने हवी आहेत. पहिल्यांदाच लेखन करणाऱ्यांचे निबंध तपासून त्यांना सूचना देऊ शकतील अशा मराठीच्या जाणकार शिक्षकांची विशेष गरज आहे, कारण चांगला अभ्यास केलेला विद्यार्थीही लिहिताना अडखळतो.

वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणीकृत आहे. देणगीवर आयकरात वजावट मिळण्याची मान्यता मात्र वाचनालयाकडे नाही. ज्यांना ती आवश्यक आहे त्यांना हे आधीच ठाऊक असावे. परदेशात राहणाऱ्या मराठी बांधवांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम आम्ही स्वीकारू शकतो. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी आमच्याकडे नसल्यामुळे त्यांची देणगी घेता येत नाही. त्यांनी निबंध तपासण्याच्या कामात वेळ दिल्यास आम्ही ऋणी राहू.

प्रत्येक रकमेची पावती त्याच दिवशी दिली जाईल. या निधीचा हिशेब वाचनालयाच्या इतर जमाखर्चापासून वेगळा ठेवला जाईल आणि लेखापरीक्षणानंतर मार्चअखेर तो वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल. शिल्लक राहिल्यास ती पुढील वर्षीच्या शुल्क सवलतीसाठीच राखून ठेवली जाईल.

वाचनालयाचे कार्यालय रविवार वगळता सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळेत उघडे असते. बँक खात्याचा तपशील तेथेच छापील पत्रकावर मिळेल. सवलतीच्या किती जागा देता येतील हे नोंदणी सुरू होण्यापूर्वी जाहीर करायचे असल्यामुळे आपली देणगी, किंवा निदान ती देण्याचा आपला निश्चय, २५ नोव्हेंबरपर्यंत कळवावा, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
विद्यार्थी अभ्यास परिषद समितीचे सर्व स्वयंसेवक