सोलापूर दाखवणाऱ्या दादांना, आबांच्या लेकीकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर माझ्याकडं आहे, फोन लावून थँक्यू म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मला हे चारचौघांत लिहायचंय, कारण आबांना आजवर जे सोसावं लागलं तेही चारचौघांतच झालं. "आजोबांना ऐकू येत नाही ना, मग तुम्हीच सांगा त्यांना नंतर." हे एक वाक्य बँकेत, दवाखान्यात, पेन्शनच्या खिडकीवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं. समोर माणूस बसलेला असतो, त्याच्याकडं बघून हसतात आणि बोलतात मात्र माझ्याशी.

मागं एका ट्रॅव्हल्सवाल्यांच्या सहलीला आबांना पाठवलं होतं. नाव लिहीत नाही. तिथला गाइड माइक तोंडाला लावून गाडीच्या काचेकडं बघत बोलायचा, आणि एका ठिकाणी पायऱ्या आल्या तर म्हणाला की आजोबांना गाडीतच बसू द्या, त्यांना तसंही काय कळणारय. पैसे पूर्ण घेतले होते बरं का. आबा सगळी दुपार गाडीत बसून राहिले, घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत, पण त्यानंतर कुठंही जायचं म्हटलं की "तुम्ही जावा" एवढंच. देवीला सुद्धा गर्दी नसेल तेव्हाच.

त्यामुळं तालुक्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी सोलापूरच्या गिरण्यांची एक दिवसाची सहल काढली तेव्हा मला वाटलं नव्हतं आबा हो म्हणतील. ते आले ते फक्त सोलापूर होतं म्हणून. आमचा जिल्हा धाराशिव, विभाग मराठवाडा, पण तुळजापूरकडच्या माणसाला दवाखाना, बाजार, लग्नाचा बस्ता आणि पोटापाण्याचं काम, सगळ्याला सोलापूरच. 1972 च्या दुष्काळात थोरले चुलते खडी फोडायला गेले आणि आबा एसटीत बसून सोलापूरला आले. बदली कामगार म्हणून. बदली म्हणजे गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर आत, नाहीतर परत खोलीवर. पुढं साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, कायम झाले आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. गिरणी गेली, कान त्याच्या आधीच गेले होते. आता समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं समजून घेतात.

आता मुद्द्याचं लिहिते.

सकाळी जुन्या मिलच्या तिथं तुम्ही बोलायला उभे राहिलात. 1877 साली सुरू झालेली गिरणी, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली, तिच्यामागं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा एकेक गिरण्या उभ्या राहिल्या, भोंग्यावर सगळं गाव उठायचं, असं तुम्ही सांगत होता. ऊन तुमच्या पाठीशी होतं. शहाण्या माणसानं उन्हात तसंच उभं राहावं, त्यात चुकीचं काही नव्हतं. आबा तुमच्या तोंडाकडं टक लावून बघत होते आणि डोळे बारीक करत होते. तुम्ही बोलता बोलता एकदम थांबलात, आमच्या घोळक्याला वळसा घालून पलीकडं गेलात, आम्हाला सगळ्यांना उलटं फिरवलंत आणि सोलापूरचं ते ऊन स्वतःच्या तोंडावर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. आवाज चढवला नाही. "आजोबांना दिसत नव्हतं" असं कुणाला सांगितलं पण नाही. बाकीच्यांना वाटलं असेल मागचं काहीतरी दाखवायचंय.

मला मात्र कळलं, कारण आबांचे डोळे मोठे झाले आणि ते मान हलवायला लागले.

मग दिवसभर तेच. चार हुतात्मा चौकात, किल्ल्याजवळ, सिद्धेश्वर तलावाच्या काठाला, जिथं जिथं थांबलो तिथं आधी तुम्ही ऊन कुठून येतंय बघायचा आणि स्वतः उन्हाकडं तोंड करून उभे राहायचा. घाम पुसायचा तो पण वाक्य संपल्यावर, रुमाल तोंडावर असताना एक अक्षर बोलला नाहीत. दुपारपर्यंत तुमचा चेहरा लालबुंद झाला होता, दादा. मी टोपी देऊ का विचारलं तर म्हणालात, नको ताई, टोपीची सावली पडते तोंडावर.

जेवायला बसलो तेव्हा न राहवून मी विचारलं की तुम्हाला कसं कळलं. तुमच्या हातात कडक भाकरी होती, तिचा तुकडा शेंगाचटणीत दाबत तुम्ही अगदी सहज सांगितलंत, आमचे आजोबा साचेखात्यात होते ताई, रात्री लाईट गेली की घरातलं बोलणं बंद व्हायचं. बस्स, एवढंच. मी पुढं काही विचारूच शकले नाही, कारण आमच्या घरी पण तेच. लोडशेडिंगच्या दिवसांत आई कंदील आबांच्या समोर नाही, स्वतःच्या तोंडासमोर ठेवायची, त्यांना तिचं बोलणं दिसावं म्हणून.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी लिहिते. धोट्याचे (धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारा) साचे चालू असले की त्या खात्यात शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि तो आठ आठ तास, वर्षानुवर्षं. आधी जातात ते बारीक आवाज. स, श, फ, थ अशी अक्षरं. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही, आणि तुम्ही वरच्या पट्टीत ओरडलात तर नुसता कालवा वाढतो, अक्षर काही सापडत नाही. कामगार कायद्याच्या यादीत हा धंद्यातून होणारा आजार म्हणून लिहिलेला आहे, पण आबांच्या उमेदीत त्यांचे कान कुणी तपासल्याचं त्यांना आठवत नाही. साचेखात्यातली माणसं ओठ वाचायला शिकली ती हौसेनं नाही शिकली. बोलायचंच कसं नाहीतर? हे गिरणीच्या शहरात राहणाऱ्या डॉक्टरांना, बँकवाल्यांना, खिडकीवरच्या साहेबांना माहिती नसावं याचा मला फार राग आहे आणि तो कमी करायची माझी इच्छा पण नाही.

चौकातलं एक सांगायचं राहिलं. तुम्ही 1930 च्या मे महिन्यातलं सोलापूर सांगितलंत. गांधीजींना अटक झाली, गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दोन-तीन दिवस गावात इंग्रजांचं राज्यच उरलं नाही आणि मग 12 मेपासून मार्शल लॉ. आणि पुढं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. चौघांची नावं तुम्ही सावकाश घेतलीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एकेक नाव घेऊन थांबत होता आणि आबा प्रत्येक नाव तुमच्यामागं मोठ्यानं म्हणत होते. आबा चारचौघांत मोठ्यानं बोलत नाहीत हो, आपला आवाज किती निघतोय ते त्यांना कळत नाही म्हणून लाजतात. त्या दिवशी लाजले नाहीत.

आणि पूर्वभागातला तो चादरीचा कारखाना! आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सोलापुरी चादर आयुष्यभर पांघरली, तिला भौगोलिक मानांकन आहे हे पण कुठंतरी वाचलेलं, पण ती जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणताना कुणी बघितली नव्हती. आत शिरलो आणि यंत्रमागांच्या खडखडाटात आम्ही सगळेच बहिरे झालो. मागावरचा कामगार काहीतरी समजावून सांगत होता, आमचे मास्तर, ग्रामसेवक, सगळे नुसते कानाला हात लावून उभे. एकट्या आबांना कळत होतं. ते त्याच्याकडं बघत होते, तो ओठ हलवत होता, आबा मान डोलावत होते, मध्येच आबांनी "बागुन्नारा?" विचारलं तसा तो खुलला आणि मग दोघांचं मराठी-तेलुगू मिसळून काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. साचेखात्यात शेजारच्या साच्यावर पद्मशाली समाजातले दोस्त होते, त्यांच्याकडून आबा तेलुगू शिकले. ती मंडळी तेलंगणातून आलेली, आमचं गाव मराठवाड्यातलं, म्हणजे एकेकाळी दोघंही निजामाच्याच मुलखातले आणि पोटासाठी सरहद्द ओलांडून इंग्रजांच्या सोलापुरात, असं तुम्ही आधी सांगितलं होतं ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

तुम्ही काय केलंत, तर तुम्ही मागं सरलात. आबांना खुणेनं पुढं बोलावलंत आणि बाहेर आल्यावर आम्हाला म्हणालात, आता आत काय चाललं होतं ते आबा सांगतील. आणि आबांनी सांगितलं! ताणा कसा भरतात, सूत तुटलं की माग का थांबवावा लागतो, धोट्यातली सुताची कांडी संपत आली की नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं (हो, आवाजावरून, कान जायच्या आधीची गोष्ट), जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय हे चार साचे पलीकडच्याला हातानं कसं कळवायचे. ती खूण करून दाखवली तेव्हा कारखान्याच्या दारातला एक म्हातारा हसला आणि त्यानं तीच खूण परत केली. मास्तर मला म्हणाले, तुझा बाप एवढं बोलतो हे माहितीच नव्हतं. मी म्हटलं, सर, त्यांना आजवर विचारलं कुणी?

तुमचं ज्ञान मोठं आहेच. सिद्धरामेश्वरांपासून डॉ. कोटणीसांपर्यंत, गड्ड्याच्या जत्रेतल्या नंदीध्वजापासून सेटलमेंटपर्यंत सगळं तोंडपाठ. सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी काही जमातींना कोंडून ठेवलेली वसाहत. तिच्या तारेआड ठेवलेल्या माणसांना गिरणीत कामाला लावायचे आणि 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द होईपर्यंत त्यांच्यावर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का होता, हे तुम्ही ज्या तळमळीनं सांगितलंत ते आमच्यातले बरेच जण विसरणार नाहीत. पण ज्ञान असलेली माणसं मी बघितलीत. त्या काचेकडं बघून बोलणाऱ्याला पण माहिती भरपूर होती. समोरच्याला आपलं बोलणं पोचतंय का एवढं बघायला पदवी लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुठला जीआर निघावा लागत नाही. आमच्या तुळजापूर डेपोत एक कंडक्टर होते, म्हातारं माणूस चढलं की ते बसेपर्यंत डबल बेल द्यायचे नाहीत, गाडी लेट झाली तरी. गावोगाव लोक त्यांचं नाव काढतात अजून. तसं तुमचं आता आमच्याकडं निघतंय.

आबा परत आल्यापासून बोलतायत. जेवताना बोलतात, दारात येईल त्याला गिरणी सांगतात, नातवाला धोटा कसा असतो ते कागदावर काढून दिलाय. परवा स्वतःहून म्हणाले की बँकेत मी जातो, तू नुसती सोबत ये, बोलायचं मी बघतो. गेले, आणि काउंटरवरच्या पोरीला सांगितलं, बाई, माझ्याकडं बघून बोल म्हणजे मला कळतं. ती बोलली पण नीट.

दादा, तुम्ही म्हणाला होता की कोजागिरीला दरवर्षी मित्रांबरोबर सोलापूरहून तुळजापूरला चालत येता. आमचं घर त्याच रस्त्यालगत आहे. यंदा न थांबता पुढं जायचं नाही. आबांनी आत्तापासून सगळ्यांना बजावून ठेवलंय. पायाला गरम पाणी, पिठलं-भाकरी, ठेचा आणि वाटेत पाठ टेकायला ओसरीवर जागा आहे. तुम्ही एकूण किती जण असाल तेवढं फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे आईला भाकरीचं पीठ काढायला बरं.

तुमची,
आबांची लेक