कातळावरच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पहिला पाऊस पडला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रस्त्यांच्या कडेला वृक्षलागवड सुरू होते. किती रोपे लावली ते छायाचित्रासह छापून येते, पुढच्या मेअखेर त्यांतली किती जगली हे मात्र क्वचितच कळते.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. घट्ट जांभ्यात खणलेल्या खड्ड्यातून जुलैत पाणी बाहेर जात नाही व मुळे कुजतात. तोच खड्डा निचऱ्याच्या भरड मातीत असला, तर दिवाळीनंतर ओल झपाट्याने उतरते आणि फेब्रुवारीत रोप सुकते. आमचे बागायतदार कलमांसाठी उन्हाळ्यातच एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून उन्हात तापू देतात, कातळ असल्यास उताराच्या बाजूने चर काढतात आणि बाहेरून आणलेली माती व कुजलेले शेणखत भरतात. सरकारी लागवडीत पाऊस लागल्यावर फूटभर खळगा खणून पिशवीतले रोप त्यात उभे केले जाते. त्याला लागवड म्हणायचे का, हा प्रश्नच आहे.

डिसेंबर ते मे रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळे भरून दिलेले पाणी खोल जाते आणि मुळेही त्यामागे खाली उतरतात. आळ्यात वाळलेले गवत किंवा पातेरा पसरावा, पण तो बुंध्याला टेकू देऊ नये. वाळवी तिथूनच लागते. दोन-तीन उन्हाळे असे निभावले की वड, करंज, जांभूळ यांना सहसा वरून पाणी लागत नाही.

म्हणून लागवडीच्या ठेक्यातील मोठा हिस्सा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाडे मोजूनच द्यावा आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. वाढलेल्या झाडांभोवती बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याची हौसही थांबावी, कारण त्यामुळे पाणी मातीत मुरतच नाही. उघडे सडे, म्हणजे जांभ्याची कातळपठारे, मात्र या मोहिमेतून वगळावेत. तिथल्या पावसाळी रानफुलांना आणि गवताला मोकळे ऊनच हवे असते, आणि रोपांसाठी गावातल्या पाणंदी व ओढ्यांचे काठ पुष्कळ मोकळे आहेत.

आपला,
एक बागायतदार, जि. रत्नागिरी