ताई, समासातल्या त्या पेन्सिलच्या प्रश्नासाठी थँक्यू

प्रिय ताई,

हे पत्र सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही, नंतर नोकरी, बदली, घर असं काही ना काही सुरूच राहिलं, आणि मग इतके दिवस गेल्यावर आता काय लिहायचं असं वाटून राहून गेलं. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण ज्यांनी लायब्ररीतल्या तुमच्या त्या काउंटरसमोरच्या टेबलावर बसून कधी वाचलंय त्यांना कळेलच मी कोणाबद्दल बोलतेय.

एमएचा डिझर्टेशन टॉपिक मी मोठ्या उत्साहात घेतला होता, जगण्याची धडपड आणि महत्त्वाकांक्षा यांच्यापुढे साहित्यातली पात्रं नीतीच्या बाबतीत कशी टिकतात किंवा कोसळतात, असा काहीतरी. आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये मी काय केलं होतं, तर प्रत्येक पात्राखाली एकच वाक्य, 'परिस्थितीपुढे माणूस हतबल होतो'. शेक्सपिअरचा मॅकबेथ हतबल, दोस्तोएव्हस्कीचा रास्कोल्निकोव्ह हतबल, तेंडुलकरांचा घाशीराम हतबल, 'ले मिझराब्ल'मधला ज्याँ वालज्याँ हतबल. सगळ्यांना एकाच मापाने मोजून मी मोकळी झाले होते. तो प्रिंटआउट मी टेबलावर विसरून गेले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत दिलात, न विचारता वाचला म्हणून सॉरी म्हणालात. समासात पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, मॅकबेथच्या परिच्छेदाशेजारी लिहिलं होतं, 'याचं पोट कधी रिकामं होतं?'

एवढंच. पण त्या एका ओळीने माझा अख्खा चॅप्टर पडला.

कारण खरंच, मॅकबेथला काय कमी होतं? नाटक सुरू होतं तेव्हाच तो जिंकून आलेला सरदार आहे, राजा खूश होऊन त्याला आणखी एक जहागिरी देतो, आणि तोच राजा त्याच्या घरी पाहुणा म्हणून झोपलेला असताना हा त्याला मारतो. तिथे भूक नाही, धोका नाही, कोणी कोपऱ्यात ढकललेलं नाही. आणि हे त्याला स्वतःला पक्कं माहितीये, खून करायच्या आधी तो एकटाच उभा राहून कबूल करतो की माझ्याकडे महत्त्वाकांक्षेशिवाय दुसरं कारण नाही. मी मात्र त्याच्या वतीने कारणं शोधत बसले होते! तुम्ही मला म्हणालात की खुनाच्या आधीचं नाही, नंतरचं वाच. मी वाचलं. खून झाल्यावर सोबतीच्या बँकोला मारताना, विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराच्या बायकापोरांना मारताना त्याची भाषा बदललेली असते, आता सगळं 'सुरक्षित राहायचं तर' या चालीवर. म्हणजे हाव आधी, आणि जिवाची भीती त्या हावेने जन्माला घातलेली. आपणच आग लावायची आणि मग पळायला वाट पाहिजे म्हणून दुसऱ्याची भिंत पाडायची. हे मला आजपर्यंत कुठल्या क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो खेळच सुरू झाला आपला. तुम्ही पुस्तक काढून द्यायचात आणि म्हणायचात, पोट भरलं ते पान शोध. गरज जिथे संपली आणि तरी माणूस थांबला नाही ते पान.

अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' मी आधी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा फक्त भीमाची कीव आली होती. खाण बंद पडते, काम जातं, घरी बायको आणि लाडकी लेक, आणि स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं. इथपर्यंत त्याला कोण बोलणार? राख चाळणाऱ्या माणसाला चोर म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण राखेवरून तो पुरलेल्या मढ्यांकडे वळतो, आणि रात्रीमागून रात्री वळत राहतो, आणि खाणीपेक्षा इथेच बरं असं त्याला वाटायला लागतं. तिथे मी पेन्सिल ठेवली. तुम्ही पान बघितलंत आणि मान हलवलीत, म्हणालात अजून थोडं मागे जा, पण मागे म्हणजे नक्की कुठे ते काही सांगितलं नाहीत. मला वाटतं तुम्हालाही ते पान नक्की सापडलेलं नसावं, आणि अण्णाभाऊंची ताकद तीच आहे की ते पान सापडू नये अशीच गोष्ट बांधलीये. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, दोन बोटं जातात, आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याचं त्याला तेव्हाच कळतं. पहाड फोडणारा माणूस लहान पोरासारखा रडतो. मी ते लायब्ररीत वाचलं आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते, तुम्ही बघितलं असेल.

रास्कोल्निकोव्हचं पान मात्र स्पष्ट सापडलं, आणि ते मी स्वतः शोधलं याचा मला अजून आनंद आहे. 'क्राइम अँड पनिशमेंट', १८६६ सालची कादंबरी, शिक्षण अर्धवट सुटलेला कफल्लक विद्यार्थी, आईचं पत्र आलेलं, बहीण घरासाठी नको त्या माणसाशी लग्न करायला निघालेली. आपण सगळे ते वाचून म्हणतो गरिबीने मारलं बिचाऱ्याला. पण सावकारीण म्हातारीला मारून आणलेली थैली तो उघडूनसुद्धा बघत नाही हो! एका अंगणात दगडाखाली पुरून टाकतो. कोर्टात कळतं की तिच्यात ३१७ रूबल आणि थोडी नाणी होती, ज्याने खून केला त्यालाच आकडा माहिती नाही, आणि न्यायालयाला ते खरंच वाटत नाही. भुकेसाठी चोरणारा माणूस आधी पैसे मोजतो, नाही का? आणि पुढे सोन्या नावाच्या मुलीजवळ तो स्वतःच बोलून जातो की नुसत्या भुकेपोटी मारलं असतं तर मी आज सुखी असतो. त्याला बघायचं होतं की आपण नियमांच्या वरचे, मोठ्या माणसांपैकी आहोत का. आणि हे तो कोणाला सांगतोय, तर सोन्याला, जी सावत्र आईची पोरं जगावीत म्हणून स्वतःचं शरीर विकतेय. भूक दोघांच्याही दारात होती, तिने किंमत स्वतःच्या अंगावर घेतली, याने दुसऱ्याच्या. म्हातारीबरोबर तिची गरीब बहीण लिझावेताही मेली, जिचं या हिशोबात काहीच नव्हतं.

किंमत कोण देतं हा तुमचा दुसरा प्रश्न. तो घाशीरामच्या पानावर आला. तेंडुलकरांचं नाटक १९७२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हापासून त्यावर इतकं बोललं गेलंय, पण सत्ता, जात, इतिहास या सगळ्यात घाशीरामची लेक गौरी बाजूलाच राहते असं तुम्ही म्हणाला होतात. अपमान घाशीरामचा झाला, चोरीचा आळ त्याच्यावर आला, सूड त्याला हवा होता, आणि कोतवाली मिळवायला नाना फडणवीसापुढे ठेवली ती पोटची पोर. तिचा अपमान कोणी मोजलाच नाही. मी त्या चॅप्टरमध्ये गौरीवर फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, नंतर चार पानं झाली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

डेडलाइनला नऊ दिवस होते, स्कॉलरशिप त्या महिन्यात संपत होती, वडिलांचं आजारपण चालू होतं, आणि एक चॅप्टर अडकला होता. मागच्या कपाटात जुनी डिझर्टेशन्स असायची, कोणी उघडत नसे. त्यातल्या एकातली अडीच पानं मी उचलली, शब्द थोडे इकडेतिकडे केले आणि माझ्या ड्राफ्टमध्ये घातली. स्वतःला सांगितलं की नाइलाज आहे. हाच शब्द मी शंभर पानं भरून तपासत होते आणि स्वतःच्या बाबतीत वापरताना मला एक क्षण थांबावंसं वाटलं नाही. फायनल ड्राफ्ट वाचायला मी तुमच्याकडे आपण होऊन दिला, आता विचार केला तर वाटतं की मला पकडलं जायचं होतं, पण कदाचित हे मी नंतर रचलेलं असेल.

तुम्ही तीस वर्षं ती कपाटं सांभाळलीत, तुम्हाला कळणारच होतं. तुम्ही गाइडकडे गेला नाहीत, मला बोलावून घेतलं नाहीत. ड्राफ्ट परत आला, त्या अडीच पानांच्या शेजारी पेन्सिलने तीच ओळ होती, फक्त एक शब्द बदललेला. 'हिचं पोट कधी रिकामं होतं?'

मी रात्रभर हिशोब घातला. पास व्हायला ती पानं लागत नव्हती. ती नसती तरी चॅप्टर बारीक झाला असता, मार्क कमी पडले असते, पण पदवी मिळाली असती. मला फर्स्ट क्लास हवा होता, आणि मी त्याला वडिलांच्या आजारपणाचं नाव देत होते. हे कळलं तेव्हा मला तुमचा राग आला, अगदी खूप राग आला, चार दिवस मी लायब्ररीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी आले ते पानं काढूनच. तुम्ही काही बोलला नाहीत, एक पुस्तक पुढे सरकवलंत, छांदोग्य उपनिषदाचं भाषांतर, कागदाची खूण घातलेली.

उषस्तीची गोष्ट. पिकं बुडालेली, दुष्काळ, आणि हा विद्वान माणूस हत्ती राखणाऱ्यांच्या वस्तीत उपाशी फिरतोय. एक माहूत उडीद खात असतो, त्याच्याकडे मागतो, तो म्हणतो माझ्या ताटात उष्टे आहेत तेवढेच आहेत. उषस्ती म्हणतो तेच दे, आणि खातो. मग माहूत पाणी पुढे करतो, तर हा म्हणतो नको, ते उष्टं होईल. माहुताला आश्चर्य वाटतं, उडीद उष्टे नव्हते का? उषस्ती सांगतो की ते खाल्ले नसते तर मी मेलो असतो, पाणी मला कुठेही मिळेल. बस. दोन घासांच्या आणि एका घोटाच्या मधली ती रेघ. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म, म्हणजे संकटकाळचा धर्म, सांगताना भीष्म विश्वामित्राची गोष्ट सांगतो, बारा वर्षांच्या अवर्षणात कुत्र्याची तंगडी चोरणाऱ्या ऋषीची, ती तर मी आधीच चॅप्टरमध्ये घेतली होती कारण ती भव्य आहे, चांडाळ ऋषीला धर्म सांगतोय वगैरे. पण उषस्तीचं ते पाणी नाकारणं मला जास्त अवघड वाटतं, कारण एकदा नियम मोडल्यावर पुढच्याच मिनिटाला तो परत पाळायला कोणाला सुचतं?

त्या अडीच पानांच्या जागी मी उषस्तीवर लिहिलं. चॅप्टर घाईचा झाला, फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. निकाल सांगायला आले तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, ती पानं तुझीच आहेत ना, आणि मी हो म्हणाले. तेवढं हो मी नंतर आयुष्यात फार कमी वेळा इतक्या सरळ म्हणाले असेन. थँक्यू ताई. शिक्षा करायचा पूर्ण हक्क असताना तुम्ही मला माझाच प्रश्न परत दिलात, आणि उत्तर शोधायला माझे चार दिवस मला घेऊ दिलेत.

एका बाबतीत मात्र मला अजून तुमचं पटलेलं नाही, ते आता सांगून टाकते. द्रोणाचार्य. तुम्ही म्हणायचात की त्यांचं पोट हस्तिनापुरात भरलं, तिथून पुढे एकलव्याचा अंगठा असो की द्रुपदाचं अर्धं राज्य, सगळं मान आणि सूड. मी तेव्हा गप्प बसले. पण आदिपर्वात ते पीठ कालवलेलं पाणी आहे ना, जे दूध म्हणून पिऊन लहान अश्वत्थामा आनंदाने नाचला आणि बाकीची पोरं हसली, ते बघितलेल्या बापाचं पोट खरंच कधी भरतं का? माझं म्हणणं आहे की ते पान द्रोणांच्या गोष्टीत नाहीच, भूक संपल्यावर तिची भीती राहते आणि ती भीती महत्त्वाकांक्षेसारखीच दिसते. अंगठा मागणं त्याने माफ होत नाही हे मलाही कळतं, तिथे किंमत एकलव्याने दिली. तरीही तुम्ही त्यांना मॅकबेथच्या रांगेत बसवता ते मला मान्य नाही.

पुढच्या महिन्यात येतेय, आदिपर्व घेऊन. पेन्सिल तुमच्याकडे असेलच.

तुमची,
तिसऱ्या टेबलावरची