‘विसरलो’ म्हणजे नेमके काय बिघडले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चष्मा सापडेना, नाव आठवेना, परीक्षेत उत्तर सुचेना, की ‘स्मरणशक्ती कमी झाली’ असे आपण सरसकट म्हणून टाकतो आणि ती वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती वाचू लागतो. या तिन्ही प्रसंगांत बिघाड बहुधा वेगवेगळ्या जागी असतो. तो कुठे आहे हे कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही, म्हणून हे पत्र.

चष्म्याचे उदाहरण घ्या. फोनवर बोलता बोलता तो कुठेतरी ठेवला जातो. हात काम करतो, लक्ष बोलण्यात असते, त्यामुळे मनावर ठसाच उमटत नाही. जे मनात शिरलेच नाही ते डोके खाजवून परत कसे मिळणार? यावर ठरलेली एकच जागा हा सर्वांत भरवशाचा उपाय. ते जमत नसेल तर ठेवताना क्षणभर थांबून ‘चष्मा कपाटावर’ असे मोठ्याने म्हणावे.

नावाचे तसे नसते. ते आत असते, पण हाती लागत नाही. ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवले की शब्द जिभेवर अडलेला असताना त्याचे पहिले अक्षर किंवा लांबी अनेकदा बरोबर सांगता येते. अशा वेळी जवळपासचे चुकीचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येऊन वाट अडवत असेल, तर हट्ट सोडून थोडा वेळ दुसरे काम करावे. किंवा त्या व्यक्तीला शेवटचे कुठे भेटलो, सोबत कोण होते, हे डोळ्यांपुढे आणावे. अशा खुणांनी दार उघडते. पासवर्ड बदलल्यावर बोटे जुनाच टाइप करतात, तिथेही जुने नव्याच्या आड येत असते.

विद्यार्थ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यांचे कष्ट अक्षरशः वाया जातात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत. २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के बचत उरली. घसरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र, म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी हवी. (‘दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ असे या आकड्यांवरून सर्रास सांगितले जाते, ते चूक आहे. हे आकडे अर्थहीन अक्षरांचे आणि वाचलेल्या श्रमांचे आहेत. समजून घेतलेला धडा इतक्या वेगाने निसटत नाही.)

उजळणी म्हणजे पुन्हा वाचन, हा समज त्याहून जास्त नुकसान करतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतोच आहे असा भास होतो. तेव्हा पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने हेच करावे. अडल्याबरोबर पुस्तक उघडण्याचा मोह होतो, तो निदान मिनिटभर आवरावा. आठवण्याची ती धडपडच आठवण पक्की करते.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. घरातील कोणी तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारत असेल किंवा रोजच्या रस्त्यावर चुकत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना असे प्रसंग तारखेसह लिहून न्यावेत.

आपली,
मानसशास्त्राची एक अध्यापिका