टाळूची भीती नको

रामबाग, इंदूर
१२ ऑगस्ट

प्रिय मंजू,

तुझे फोटो, एक्स-रे आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद, सगळं मिळालं. फोनवर तू फारच घाबरलेली होतीस, आणि अशा वेळी घाईघाईत सांगितलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून हे पत्र. भाऊजींनाही वाचून दाखव.

हिरड्यांची डॉक्टर म्हणून माझं मत आधीच सांगते. हिरडी सरकून मुळं उघडी पडलेल्या तुझ्या दोन दातांना तुझ्याच टाळूतला ग्राफ्ट, म्हणजे तिथून काढलेली पातळ पट्टी, लाव. कागदावरचे बाकीचे पर्याय वाईट नाहीत, पण तुला त्यांची गरज नाही. टाळूला हात लावायचा नाही म्हणून तू जे महागडं साहित्य घ्यायला निघाली आहेस, ते कशापासून बनतं हे तुला कुणी सांगितलंय का? कागदावर तर नुसतं कोलॅजन मॅट्रिक्स, म्हणजे कातडीतल्या चिवट प्रथिनाची जाळी, एवढंच लिहिलंय. मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. त्यावर पुढे लिहितेच.

आधी तुझी हिरडी. वरचा डावा सुळा आणि त्यामागची उपदाढ, दोन्हींची मुळं उघडी पडली आहेत. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांचं बहुतेकदा डावीकडेच जास्त झिजतं. तुझी हिरडी मुळातच पातळ, सुळा जरा ओळीबाहेर आलेला, आणि त्यावर वर्षानुवर्षं कडक ब्रश आडवा चालवलेला. गार पाणी प्यायलं की कळ जाते ती यामुळेच. पायोरिया मात्र नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. दोन दातांमधलं हाड एक्स-रेत शाबूत दिसतंय, फटींमधले हिरडीचे त्रिकोणही भरलेले आहेत. मूळ पूर्ण झाकता येईल की अर्धवट, हे त्या हाडावर ठरतं. १९८५ साली मिलरने हिरडी सरकण्याचे चार वर्ग केले होते, २०११ मध्ये कायरोने तीन केले. हल्ली आम्ही कायरोचे वापरतो, आणि तू त्यातल्या पहिल्या वर्गात आहेस. मधलं हाडच गेलं असतं तर कितीही भारी ग्राफ्ट आणला तरी हिरडी जुन्या जागी आली नसती. माझ्या आजीचं तसंच झालं होतं. जन्मभर मिश्री लावली, आणि म्हातारपण यायच्या आधीच दात हलायला लागले.

नुसती हिरडी ओढून शिवली तर चालणार नाही का, असं तू विचारलंस. शिवता येते, मूळ झाकलंही जातं. पण तुझ्याइतकी पातळ हिरडी काही वर्षांत परत वर सरकायची भीती असते. तिला आतून जाडी मिळाली की ती टिकते, आणि ही जाडी टाळूतून मिळते. पूर्वी टाळूची वरच्या सालीसकट चकती काढून लावत. खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडी उरलेली नसते तिथे आजही लावतात, पण तिचा रंग आजूबाजूला मिळत नाही, फिकट ठिगळ दिसतं. तुझे वरचे दात, हसलीस की दिसणार, म्हणून ते नको. १९८५ मध्येच लँगर आणि लँगर या दोघांनी सालीखालचा थर तेवढा काढून हिरडीच्या आत सरकवायची पद्धत मांडली. तेव्हापासून बाजारात कितीतरी नवं साहित्य आलं, पण प्रत्येकाला आधी याच्याशी तुलना करून दाखवावी लागते.

याचं कारण मला कॉलेजात शिकताना फार आवडलं होतं. कॅरिंग, लँग आणि लो यांनी १९७५ मध्ये माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की वरची साल कशी होणार हे तिच्या खालचा थर ठरवतो. घट्ट हिरडीखालचा थर दुसरीकडे नेऊन लावला तर तिथेही घट्ट हिरडीसारखीच साल तयार होते. टाळूच्या थरातही हा गुण आहे. बाजारात डबीत मिळणाऱ्या कोणत्याही साहित्यात तो तितका नाही.

आता ज्याने तुझी झोप उडवलीय ते. सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतची टाळू बधिर करतात. ते इंजेक्शन दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. मग एकच आडवी चीर, आणि तिच्यातून आतल्या थराची साधारण दीड मिलिमीटर जाडीची पट्टी सोडवून घ्यायची. बाहेर आल्यावर ती फिकट गुलाबी, ओलसर, बोटांत जरा चिवट लागते. एका बाजूला पिवळसर चरबी चिकटलेली असते, ती बारीक कात्रीने काढून टाकायची. वरची साल जागेवर बसवून टाके घातले की टाळूचं काम संपलं. टाळूत आतल्या बाजूला एक मोठी रक्तवाहिनी असते, तिच्यापासून अंतर राखायला आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. तू रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर ते डॉक्टरांच्या कानावर आधी घाल. रात्री टाळूतून रक्त आलंच तर चुळा भरत बसू नकोस, ओली गॉझ वीस मिनिटं घट्ट दाबून धर.

खरं नाजूक काम पुढचं आहे, ती पट्टी हिरडीच्या आत मुळावर बसवायचं. उघड्या मुळाला स्वतःचं रक्त नसतं. म्हणून पट्टी मुळाच्या दोन्ही बाजूंना तीनेक मिलिमीटर जास्त ठेवतात, म्हणजे तिला शेजारच्या जिवंत भागाचा आधार मिळतो. पहिले एक-दोन दिवस ती आजूबाजूला पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात. नर्सरीतून आणलेलं रोप रोज हलवून पाहिलं तर मूळ धरेल का? तेव्हा ओठ वर उचलून आरशात बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. भाऊजींनी "दाखव बरं" म्हटलं तरी नाही. माझ्याकडचे बिघडलेले ग्राफ्ट बहुतेक याच कारणाने किंवा सिगारेटने बिघडले.

टाळूतून पुरेसा थर मिळत नाही तेव्हा बाहेरचं साहित्य लागतं. कुणाची टाळूच पातळ असते, कुणाचे आठ-दहा दात एकदम उघडे पडलेले असतात. अशांना मीही ते सुचवते. पण काय आहे ते स्वच्छ सांगून. अॅलोडर्म म्हणजे दान केलेली मृत माणसाची त्वचा, तिच्यातल्या पेशी काढून टाकलेल्या. ती आधी भाजलेल्या रुग्णांसाठी आली आणि नंतर हिरड्यांसाठी वापरात आली. म्यूकोग्राफ्ट नावाचं कोलॅजन मॅट्रिक्स डुकरापासून बनतं. एम्डोगेन नावाचं जेल मुळावर लावतात, ते डुकराच्या पिल्लांच्या न उगवलेल्या दातांतून काढतात. कोलॅजनचे इतर पडदे गाईबैलांचे असतात, माशांचेही असतात. बाळंतपणानंतर दान मिळालेल्या वारेच्या पडद्यापासूनही साहित्य तयार होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, तिथे तो पडदा सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

मंजू, तुझ्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असतो. तुझ्या हिरडीत डुकराचं कोलॅजन घालायचं तर तुला आधी विचारायला नको? वैद्यकीय दृष्ट्या ते सुरक्षित आहे, आणि समजून-उमजून कुणी हो म्हटलं तर माझी काही हरकत नाही. पण माझ्याकडे एक जैन आजी आल्या होत्या. ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, उत्तम झालं होतं. डबीवरचं लेबल नातवाने घरी वाचलं. त्या माझ्या खुर्चीत बसून रडत होत्या, हे काढून टाकता येईल का, म्हणून विचारत होत्या. येत नाही, ते एव्हाना शरीरात मिसळून गेलेलं असतं. मला त्यांचा चेहरा विसरता येत नाही. तेव्हापासून मी रुग्णाला साहित्याचं मूळ सांगितल्याशिवाय सहीचा कागद पुढे करत नाही, आणि सगळ्यांनीच असं करावं असं मला मनापासून वाटतं.

पीआरएफ, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून बनवलेली गुठळी, तिच्याबद्दलही विचारलंस. त्याची काळजी नको, ते तुझंच रक्त. हातातून काढायचं, काही न मिसळता लगेच मशीनमध्ये मिनिटाला २७०० फेऱ्यांनी १२ मिनिटं फिरवायचं, की मधोमध पिवळसर जेलीसारखी गुठळी तयार होते. फ्रान्समध्ये शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत आणली. मुळावर टाळूच्या पट्टीऐवजी तेवढंच वापरा, असं मी म्हणणार नाही. टाळूच्या जखमेवर मात्र ते जरूर ठेवायला सांग. ठणका कमी होतो आणि जखम लवकर भरते. तुझ्या भीतीवर हा खरा उपाय आहे.

गणपतीचं विसर्जन झालं की उरकून घे. यंदा नवरात्राचे उपास धरू नकोस. पहिले आठ-दहा दिवस दहीभात, गार केलेली मऊ खिचडी, पेज. सेव-उसळीचं नाव काढायचं नाही, सेवेचा एक कण टाक्यात अडकला तरी त्रास होतो. त्या बाजूला ब्रश नाही, डॉक्टर देतील त्या औषधाच्या हलक्या चुळा. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, टाळू तीन-चार आठवड्यांत भरते. दिवाळीची चकली तू आरामात खाशील. नंतर ब्रश मऊ घे आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवत घास, नाहीतर हेच पुन्हा होईल.

इंदूरला येऊन माझ्याकडूनच करून घ्यायचं म्हणतेस, त्याने मला खूप बरं वाटलं. तरी वडोदऱ्यातच कर. टाके काढायला, तपासायला वारंवार जावं लागतं आणि रात्री रक्त आलं तर डॉक्टर जवळ हवेत. तुझ्या डॉक्टरांचं निदान अगदी बरोबर आहे, माणूस कामाचा दिसतो. त्यांना टाळूचा ग्राफ्ट एका चिरेतून काढणार का, टाळूवर पीआरएफ ठेवणार का, आणि बाहेरचं काही वापरणार असतील तर ते कशाचं, एवढं विचार. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर दे. बुधवारी दुपारी मी मोकळी असते.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
शुभा