भाडेकरारावर लेकीचं नाव आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणासाठीच्या कर्जांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आकडे धडकी भरवणारे आहेत आणि खरेही आहेत. पण अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचं शिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजांच्या, वाट्याला त्यात जेमतेम एक ओळ आली, तीही ‘कमी गुणवाल्यांसाठी स्वस्त पर्याय’ अशी. हे मला लागलं. नाशिकहून बी.कॉम. होऊन, नवऱ्यामागोमाग एच-4 व्हिसावर (इथे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) मी कॅलिफोर्नियात आले, ती अशाच एका कॉलेजात शिकले म्हणून पुढे काहीतरी करू शकले.

ते कॉलेज म्हणजे कुपर्टिनोचं डी अँझा. 1967 साली एका जुन्या वायनरीच्या जागेवर ते सुरू झालं. मूळ मालकाची हवेली अजून आवारात आहे. तिच्यात कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं केंद्र चालतं. (नाशिककरणीला वायनरीचं काय कौतुक, तरी हवेली बघण्यासारखी आहे.) ॲपलवाला वॉझनियाक इथे वर्षभर शिकला. स्टीव्ह जॉब्सने 24 जानेवारी 1984 रोजी मॅकिंटॉश संगणक जगापुढे आणला, तो याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये. ते सभागृह 2019 साली बंद झालं.

लेखात यायला हवं होतं ते वेगळंच. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. वरच्या साडेबारा टक्क्यांतल्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना, असं त्यात ठरलं. इथे प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही, अठरा वर्षं पूर्ण झाली की बस. दोन वर्षं इथे काढून तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात जायचं, हाही रस्ता त्या आराखड्यातलाच. आजही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा क्रूझ धरून सहा विद्यापीठं ठरलेले विषय आणि गुण मिळवणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत, पण तिथेही मुलं जातातच. आणि 1984 पर्यंत या कॉलेजांत रहिवाशांना शिकवणीची फीच नव्हती. मॅकिंटॉश आला त्याच वर्षी फीही आली, हा योगायोग मला जरा बोचतो. तरी डी अँझात रहिवाशाला एका युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) 31 डॉलर पडतात. अकाउंटिंगचा पहिला कोर्स पाच युनिटांचा, म्हणजे 155 डॉलर आणि वर किरकोळ शुल्क.

माझा तो वर्ग संध्याकाळचा होता. पहिल्या दिवशी खुर्च्या भरलेल्या, जागेची वाट बघणारे वेटलिस्टवाले भिंतीला टेकून उभे. मीही त्यांतच. सरांनी हजेरी घेतली, न आलेल्यांची नावं काटली आणि उभ्या असलेल्यांना एकेक करून ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव नोंदवायचे क्रमांक, दिले. शेजारी नेल सलून चालवणाऱ्या व्हिएतनामी बाई, पलीकडे शाळा अर्धवट सोडलेला मुलगा, पुढच्या बाकावर माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. परीक्षेची स्कॅनट्रॉन शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) सुद्धा आपली आपण विकत आणायची. ‘तुम्ही आधी कुठे शिकलात’ असं मला कुणी विचारलं नाही. ज्यांच्या घरी टक्केवारी विचारल्याशिवाय चहा मिळत नाही, त्यांना यातलं सुख कळेल.

ओळखीतल्या एकीने बालविकासाचे कोर्स केले, ती आज डे-केअरमध्ये शिकवते. दुसरीने सीपीएसाठी (आपल्याकडच्या सी.ए.सारखा इथला परवाना) कमी पडणारी युनिट्स इथे भरून काढली. ऑटोमोबाइलच्या वर्कशॉपमध्ये मुलं खऱ्या गाड्या खोलतात. शेजारच्या फूटहिल कॉलेजात डेंटल हायजीनची, म्हणजे दातांच्या स्वच्छतेच्या कामाची, चक्क पदवी मिळते. आपल्याकडच्या बी.डी.एस. मुली इथे येऊन परवान्याच्या कटकटीने वर्षानुवर्षं घरी बसतात, त्यांनी याची चौकशी तरी करावी.

एक मात्र बजावून सांगते. रहिवाशांची ही 31 डॉलरची फी विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला लागू नाही. त्याला कितीतरी पट जास्त मोजावी लागते. तेव्हा ‘कम्युनिटी कॉलेजने स्वस्तात अमेरिका’ असं कुणी एजंट सांगू लागला तर आधी फीचा तक्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मुलाकडे म्हणून सहा महिने येणाऱ्या आईवडिलांनाही व्हिजिटर व्हिसावर प्रवेश घेता येत नाही.

एच-4 वाल्या मुलीला रहिवाशांची फी लागू होऊ शकते, पण राज्यात वर्ष आणि वर एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. घोडं नेमकं तिथे अडतं. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, गाडीही त्याच्याच. माझ्या नावावर लायब्ररीचं कार्ड तेवढं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स काढून, बँकेच्या खात्यावर नाव चढवून पुरावे जमवेपर्यंत पुढची टर्म सुरू झाली. स्थळ बघताना मुलाचं पॅकेज विचारता, तसं लेकीला विमानात बसवताना एवढं बजावा: पोचल्यावर पहिल्याच महिन्यात भाडेकरारावर आणि बँकेच्या खात्यावर स्वतःचं नाव घालून घे, लायसन्सच्या परीक्षेची तारीख घे आणि कागद एका फाइलमध्ये ठेव. जावईबापू चांगलेच असतील, त्यांनाही सही करायला काही वाटणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक
सनीव्हेल, कॅलिफोर्निया