कराडच्या घराचं मागचं दार

प्रिय शुभे,

पत्र लांब होणार आहे, स्वयंपाक उरकून बस. तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांचा खांदा आता वर जातो.

कराडच्या घरात चोरी झाली. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच ‘अगं बाई!’ म्हणालीस की माझा बांध फुटणार, म्हणून लिहिते.

आई मामाच्या वास्तुशांतीला इचलकरंजीला गेली होती. आली तर पुढचं दार जसंच्या तसं, तुळशीपुढची रांगोळीसुद्धा विस्कटलेली नाही. आत मात्र सगळं घर जमिनीवर. आले होते परसातून, आडाकडच्या बोळातून. आधी शेजारच्या दोन्ही घरांना बाहेरून कड्या घातल्या, म्हणजे आवाजाने कुणी उठलंच तर बाहेर येता येऊ नये. सकाळी काकूंना दूधवाल्याने कडी काढून सोडवलं.

मागच्या दाराचं कुलूप तुटलंच नाही, शुभे. ते सात लिव्हरचं जाडजूड पितळी कुलूप कोयंड्यासकट खाली पडलं होतं, लावलेलं. सुताराने चौकटीत स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर तो आत गेला. रंगाखाली लाकूड वाळवीने पोखरलेलं, आणि कोयंडा बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंवर उभा. एक पहार घालून उचकटला की काम झालं. पेपरात ‘कडीकोयंडा उचकटून’ असं रोज छापून येतं. ते असं होतं.

तुझ्या आईने माझ्या आईला शिकवलेली जागा, तांदळाच्या डब्यात तळाशी पुरचुंडी, ती त्यांना सगळ्यात आधी सापडली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, सगळं चादरीवर ओतून चाळल्यासारखं पाहिलं होतं. त्यांनाही आया असणारच, त्यांच्याही आया तिथेच ठेवत असतील. कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीखाली, तीही मिळाली. निरांजनं, अत्तरदाणी, गुलाबदाणी, थोडी रोकड गेली. आणि आजीची ठुशी गेली.

ठुशीचं नाव काढलं की आई गप्प होते. बाकी कशाबद्दल ती बोलते, तिच्याबद्दल नाही.

खरी काळजी पुढेच आहे. आई झोपत नाही. रात्री उठून कड्या बघते, परत पडते, परत उठते. भजनाला जाणं बंद. संध्याकाळी संगमावर जायची, तेही बंद. पुतणीच्या लग्नाला येणार नाही म्हणते, ‘घर कुणावर टाकू?’ चोर एका रात्रीसाठी आले आणि आईला घरात कोंडून गेले. दादाने यावर एकच उपाय काढलाय : घर विकायचं, आईला पुण्याला आणायचं, आठव्या मजल्यावर.

आता तू म्हणशील, मी तेव्हा हेच सांगत होते. आठवतंय मला. तू ‘फ्लॅटला वॉचमन असतो’ म्हणालीस, मी ‘त्याला आईचं नावही माहीत नसेल’ म्हणाले, आणि दिवाळीचा फराळसुद्धा आपण एकमेकींना पाठवला नाही. मी आजही तेच म्हणते. फ्लॅट दुपारी फुटतात. सगळा मजला ऑफिसला, एकच दार, त्यावर बाहेरून कुलूप, म्हणजे आत कुणी नाही ही पाटीच लावलेली. आणि आईने कुठे राहायचं हे पहार घेऊन आलेल्या माणसाने ठरवायचं का? हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून मी रजा टाकून कराडला राहिले आणि एकेक दार स्वतः उभी राहून करून घेतलं. मागची चौकट पूर्ण बदलली. कोयंडा आता स्क्रूवर नाही, आरपार बोल्टवर आहे, आतून नट. बिजागऱ्यांच्या बाजूलाही लोखंडी पट्टी मारली, कारण कुलूप दणकट झालं की पहार तिकडे वळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडसर, दारामागे आडवा घालायचा तो लाकडी दांडा! भिंतीतली ती चौकोनी भोकं, ज्यांत आपण चिंचोके लपवायचो, ती गिलाव्याखाली तशीच होती. सुताराने सागवानी अडसर करून दिला. गावाला जाताना मागच्या दाराला आतून अडसर घालायचा आणि पुढच्या दाराने निघायचं. पुढच्या दाराला फळीतच बसणारं कुलूप, त्यामुळे रस्त्यावरून लोंबतं कुलूप दिसत नाही. परसात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवला. पूर्वी ते काम तुझे अण्णा करायचे. रात्री दोनला ते माडीवर असे खाकरायचे की मांजरसुद्धा आड ओलांडायचं नाही. मोत्याचं मात्र नाव काढू नकोस, त्याने चोराला शेपूट हलवत देवघर दाखवलं असतं.

दादाला कॅमेरे हवेत. लावू देत. पण ज्या डब्यात चित्रण साठतं तो टीव्हीशेजारी ठेवला तर चोर तोच उचलून नेतात, हे त्याला दोनदा सांगितलंय. शिवाय वास्तुशांतीला ‘सगळे इचलकरंजीत!’ असे फोटो स्टेटसला टाकणारा त्याचाच मुलगा. त्या पोराला मी प्रेमाने समजावलं, फोटो परत आल्यावर टाकायचे.

उरलेले दागिने लॉकरमध्ये ठेवले. तुझाही लॉकर आहे म्हणून सांगते : तिथे चोरी झाली किंवा बँकेच्या माणसानेच अफरातफर केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं २,००० असेल तर २ लाख. तरीही तांदळाच्या डब्यापेक्षा बरं. आणि घराचा विमा काढला असलास तर कागद काढून वाच. ‘भारत गृह रक्षा’ नावाची जी पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात ती मुळात आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. नुसत्या घरफोडीचं त्यात येत नाही, ते संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आमच्याकडे ते नव्हतं.

पोलिसांत गुन्हा नोंदवला आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं ३३१ आणि ३०५. कायद्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या घरफोडीला शिक्षा जास्त आहे, चोरीसाठी असेल तर १४ वर्षांपर्यंत. आई ते ऐकून म्हणाली, ‘चौदा वर्षं म्हणजे वनवास झाला की.’ त्या दिवसानंतर तेवढीच एकदा हसली. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मी फाइलला लावली. त्यांनी ठुशीची पावती विचारली. आजीच्या लग्नात घडवलेल्या ठुशीची पावती कोण ठेवणार? मग फोटो मागितला. माल सापडला तर तो कोर्टातून सोडवून घ्यावा लागतो, आणि ती आपलीच आहे हे पटवायला फोटो लागेल. वितळवून लगड करून टाकली असेल तर सगळंच संपलं, पण मी ती शक्यता आईसमोर बोलत नाही.

आमच्या अल्बममध्ये आईच्या गळ्यात ठुशी आहे, पण वरून मंगळसूत्र आणि हार, मणी ओळखू येत नाहीत. स्वच्छ दिसते ती एकाच फोटोत : तुझ्या डोहाळजेवणात, फुलांची वाडी भरून, धनुष्यबाण हातात घेऊन तू बसली आहेस, आणि आईने हौसेने स्वतःच्या गळ्यातली काढून तुला घातली होती. तुझ्या सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, तेही मला आठवतंय.

तर तो फोटो हवा. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नकोस, दुकानातून मोठा स्कॅन करून आण, मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्या बाजूचाही. आणि आईला फोन कर. ती तुझं ऐकते, माझ्यापेक्षा जास्त, हे मी आता मान्य करून टाकलंय. लग्नाला चल म्हण. ते चार दिवस शेजारच्या काकू आईच्या घरात झोपायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. फक्त फ्लॅटचा विषय काढू नकोस. माझ्याशी काढ, पुन्हा भांडू.

रेवाचा निकाल काय लागला? तुझा गुडघा, नवी नोकरी, नागपूरचा उन्हाळा, सगळं सविस्तर लिही. ह्या वेळी मी नीट विचारलं नाही, पुढच्या पत्रात सगळं तुझंच.

दादाचा एजंट २० तारखेला घर बघायला येणार आहे. फोन त्याच्या आत कर.

तुझीच,
नंदी